हिंजवडीचा ठराव आणि नगरसेवकाचे मत

चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून म्हातोबाचे बगाड निघते आणि वाकडला पोहोचते. दोन्ही गावांचे दैवत एक, यात्रा एक, सोयरीकही पिढ्यान्‌पिढ्यांची. परंतु १९९७ साली वाकड पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले आणि हिंजवडी मुळशी तालुक्यातील ग्रामपंचायत म्हणून मागे राहिली. त्याच सुमारास तेथे औद्योगिक विकास महामंडळाने संगणक उद्योगासाठी जमीन संपादिली. पुढे लाखो माणसे रोज त्या गावात ये-जा करू लागली आणि सांडपाणी, कचरा व वाहतूक यांचा भार एका ग्रामपंचायतीच्या खांद्यावर येऊन पडला. २०२५ च्या पावसाळ्यात तेथील रस्त्यांचे ओढे झाले, तेव्हा हे सारे अवघ्या देशाने पाहिले. नैसर्गिक नाल्यांवर बांधकामे झाली होती, हे त्या वेळी सर्वांना एकदम आठवले!

त्यानंतर संगणक क्षेत्रातील कर्मचारी व रहिवासी यांनी हिंजवडी महापालिकेत घ्या, अशी मागणी लावून धरली. मागणी नवी नव्हे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावे समाविष्ट करावीत, असा ठराव महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१५ मध्येच केला होता. दहा वर्षे तो शासनदरबारी पडून राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी चाकणच्या दौऱ्यात हिंजवडीसह तीन स्वतंत्र महापालिकांची आवश्यकता बोलून दाखविली आणि गोंधळात भर पडली. १३ मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत प्रशासकाचे राज्य होते, त्यामुळे या प्रश्नावर ज्यांनी बोलायचे ते नगरसेवकच अस्तित्वात नव्हते. आता १२८ जणांचे सभागृह आले आहे. हद्दवाढीचा विषय आज ना उद्या त्याच्यापुढे येणारच. त्या दिवशी वाकड-ताथवड्याचा नगरसेवक काय बोलणार, हा खरा प्रश्न आहे.

सर्वांत सोयीचे उत्तर म्हणजे ‘निर्णय शासनाचा आहे’. कायद्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा. मात्र तो महापालिकेशी विचारविनिमय करून आणि प्रारूप अधिसूचनेवर हरकती मागवून वापरावयाचा असतो. विचारविनिमय या शब्दाला काही अर्थ असेल, तर सभागृहाने ‘एकमताने मंजूर’ म्हणून विषय पाच मिनिटांत उरकणे हा त्या अर्थाचा अवमानच होय. नगरसेवकाला मत असले पाहिजे आणि ते मतदानापूर्वी, नावानिशी, कार्यवृत्तात नोंदले गेले पाहिजे.

अनुकूल मत देणाऱ्याकडे मुद्दे आहेत. पाणी आणि नाला ग्रामपंचायतीची वेस ओळखत नाहीत. वाहतुकीची कोंडी भूमकर चौकात होते आणि तिचे मूळ पलीकडे असते. प्रतिकूल मत देणाऱ्याचे मुद्देही पोकळ नाहीत. पिंपरी-चिंचवडच्या नागरिकांना नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळू लागले आणि तात्पुरती म्हणून आलेली ती व्यवस्था पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. पवना बंद जलवाहिनीचे काम ९ ऑगस्ट २०११ च्या गोळीबारानंतर थांबले. त्या दिवशी मावळात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्या घराला आज दिवसाआड पाणी मिळते, त्या घराचा प्रतिनिधी आणखी सात गावांची तहान अंगावर घेताना आधी पाणी कोठून आणणार ते विचारील, तर त्याला संकुचित म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु सर्वांत मोठा धडा शेजारच्या पुण्यात मिळतो. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि ३० जून २०२१ रोजी २३ गावे समाविष्ट झाली. समावेशाबरोबर ग्रामपंचायती विसर्जित झाल्या, सरपंच गेले, सदस्य गेले. त्या २३ गावांना नगरसेवक मात्र मिळाला नाही, कारण काही महिन्यांतच महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक जवळजवळ चार वर्षे लांबली. साडेचार वर्षे या गावांनी कर भरला, पण त्यांच्या वतीने सभागृहात उभे राहील असा एकही माणूस नव्हता. त्यात भर अशी, की गावे महापालिकेची झाली तरी त्यांचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडेच ठेवण्यात आले. बांधकामाची परवानगी द्यायची एकाने आणि त्या इमारतीला पाणी द्यायचे दुसऱ्याने! २०१७ मध्ये आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे करवाढीला कंटाळून अखेर २०२४ मध्ये बाहेर पडली व त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. घाईने केलेला समावेश कसा उलटतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

येथे प्राधिकरणाविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली आणि तिच्यात किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवक व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यावेत, असे सांगितले. हिंजवडीचे नियोजन प्रत्यक्षात ज्या प्राधिकरणाच्या हाती राहिले, ते २०१५ मध्ये स्थापन झाले आणि मुख्यमंत्री हे त्याचे पदसिद्ध अध्यक्ष. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये शासनानेच रद्द केला. मधल्या काळात हिंजवडीत इमारती उठतच होत्या. ग्रामसभेला अधिकार नाही, महापालिकेला हद्द नाही, महामंडळाला गाव नाही. मग नाला बुजविणाऱ्याला जाब विचारायचा कोणी?

म्हणूनच नगरसेवकाने नुसते ‘होय’ वा ‘नाही’ म्हणू नये. होय म्हणावयाचे असेल तर ठरावाच्या मसुद्यात अटी घालाव्यात: समावेशाच्या दिवशीच नियोजनाचे अधिकार महापालिकेकडे यावेत, महामंडळाच्या हद्दीतील रस्ते, नाले आणि मलनिस्सारण कोणत्या निधीसह हस्तांतरित होणार हे शासनाने आधी लेखी द्यावे, सात गावांसाठीची निवडणूक ठराविक मुदतीत व्हावी आणि तोवर करवाढ होऊ नये. सभागृहाचा ठराव शासनावर बंधनकारक नसेल, पण अटींसह गेलेला ठराव दप्तरात राहतो आणि उद्या न्यायालयात वाचून दाखविता येतो. दहा वर्षांपूर्वीच्या ठरावाच्या वेळी कोण काय बोलले, हे आज कोणा मतदाराला आठवत नाही. या वेळी प्रभागातील नागरिकांनी आपल्या चारही नगरसेवकांना सभेच्या आधी बोलावून घ्यावे, आणि त्या बैठकीला हिंजवडी-माणच्या ग्रामस्थांनाही आमंत्रण असावे. निर्णय त्यांच्या गावाचा आहे आणि सभागृहात त्यांचा कोणी नाही.