संस्थेचा हक्क आणि शिक्षकाचा मान

मिशनच्या शाळांविषयी आपल्या घरांत सहसा दुमत नसते. शिस्त चोख, इंग्रजी चांगले, एवढे पाहून आपण मुलांची नावे तेथे घालतो. तेथे शिकविणाऱ्यांत आपल्या लेकीसुनाही असतात. तथापि फळ्यासमोर उभ्या असलेल्या त्या बाईंवर अधिकार कोणाचा आणि कोठवर, हे आपण क्वचितच विचारतो.

कॅथलिक शाळेवर धर्माधिकाऱ्यांचा हक्क आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८३ साली अमलात आलेल्या चर्चच्या धर्मसंहितेने बिशपांना आपल्या धर्मप्रांतातील कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार दिला आहे. धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना नेमणे व प्रसंगी दूर करणे हेही त्यांच्याच हाती आहे. मात्र तीच संहिता शाळाचालकांना असेही बजावते, की तेथील शिक्षण त्या भागातील इतर शाळांच्या तोडीचे तरी असले पाहिजे. गणिताच्या वा भूगोलाच्या शिक्षकाला आपल्या विषयातच मोकळीक नसेल, तर ही जबाबदारी पार पडावी कशी?

आपल्या राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. त्याची कसोटी गुजरातेत लागली. नियामक मंडळावर कुलगुरूंचा व शिक्षकांचा प्रतिनिधी असावा, कुलगुरूंच्या संमतीवाचून शिक्षकाला काढू नये, अशी कलमे तेथील विद्यापीठाच्या कायद्यात आली. अहमदाबादच्या जेझुइटांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने त्यांस आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, ही बंधने अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाहीत, असा निर्णय बहुमताने दिला. संस्थेचा हक्क राखला गेला. शिक्षकाच्या डोक्यावरचे एक छत्र मात्र गेले.

१९८६ साली दिल्लीच्या फ्रँक अँथनी शाळेच्या खटल्यात पारडे थोडे सावरले. ही शाळा कॅथलिकांची नव्हे, अँग्लो-इंडियन समाजाची; परंतु प्रश्न तोच होता. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळेतील शिक्षकांनाही इतरांच्या बरोबरीचे वेतन मिळाले पाहिजे, आणि बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय संस्थेच्या हक्काला बाधक नाही, असे न्यायालयाने ठरविले. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालातही अशा न्यायाधिकरणांचा पुरस्कार झाला. थोडक्यात, कारवाईपूर्वी सरकारची परवानगी नको. पण कारवाईनंतर त्रयस्थापुढे दाद हवी.

ही वाटणी आम्हांस रास्त वाटते. शाळेचे ध्येय, मुख्याध्यापकाची निवड, धर्माचा तास हे चालकांनी पाहावे. पण पाठ कसा घ्यावा आणि उत्तरपत्रिकेवर किती गुण द्यावेत, हे शिक्षकाच्या विवेकावर सोडावे. वरून आलेल्या चिठ्ठीने गुण वाढू लागले, की मुलांच्या मनातून शिक्षक उतरतो, आणि त्याच्या मागोमाग शाळाही.

हे वाचून कोणी केवळ पाद्र्यांकडे बोट दाखवील, तर ते मात्र उचित नव्हे. ३० वे कलम धर्माबरोबर भाषेचाही उल्लेख करते. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, बडोदे येथे मराठी मंडळींनी कष्टाने शाळा उभारल्या. भाषिक अल्पसंख्याक म्हणून त्या चालविण्याचा आपला हक्कही याच कलमातून येतो. तेव्हा बिशपांना जो अधिकार, तोच आपल्या मंडळाच्या कार्यवाहांना. देणगीदाराच्या नातवाला वरच्या वर्गात ढकलण्यास नकार देणाऱ्या मास्तरांची आपल्या संस्थेत काय गत होते? त्यांना लेखी नेमणूकपत्र मिळते का? काढण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाते का?

आपली भाषा परमुलखात टिकावी म्हणून आपण हा हक्क जपतो. तो जपताना शिक्षकाचा मान गहाण पडू नये, एवढी काळजी आपल्या वाचकांपैकी जे कोणी अशा मंडळांवर असतील, त्यांनी येत्या सभेत अवश्य घ्यावी.