चिल्ला आणि साठ दिवस

सातव्या दिवशी अकीका, चाळीसाव्या दिवशी चिल्ल्याची आंघोळ. तोवर आई आणि बाळ घरातच. आमच्या भातसानगरकडेही हीच रीत. बाळंतिणीला विसावा मिळतो, हे चांगलेच. पण एक दुर्मीळ आजार याच दिवसांत ओळखावा लागतो.

पुष्कळ बाळे दोन-तीन दिवसांची झाली की पिवळी दिसतात. पूर्ण दिवसांच्या बाळाची ही कावीळ बहुधा दोन आठवड्यांत उतरते. त्यापुढे राहिली, शी पांढुरकी किंवा राखाडी होऊ लागली, लघवीने लंगोट पिवळा पडू लागला, तर 'कोवळे ऊन दाखवा' म्हणत नानी-दादींनी थांबू नये. काही बाळांच्या यकृतातून पित्त नेणाऱ्या नळ्या बंद असतात. बाळ दूध पिते, गुटगुटीत दिसते. आत यकृत मात्र खराब होत जाते.

जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. ती ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. उशीर झाला तर बहुधा यकृतच बदलावे लागते. तैवानमध्ये २००४ पासून आईला शीचे रंग दाखवणारे कार्ड देतात.

आपल्याकडे आशाताई आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना लंगोट दाखवायला लाजू नका. कावीळ दोन आठवडे टिकली, तर रक्त तपासून घ्या. शहापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवले, तर आसनगावहून लोकलने परळचे वाडिया रुग्णालय गाठता येते.

बाळाच्या इलाजासाठी उंबरठा ओलांडायला चिल्ला आड येत नाही.