उशिरा हाती घेतलेली सतार

माणसाने चाळिशी उलटल्यावर नवे काही शिकू नये, असा एक अलिखित कायदा आपल्या मध्यमवर्गात पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. त्याला दोन-चार अपवाद आहेत. योगासने शिकायला मुभा आहे, कारण ती डॉक्टरांनी सांगितलेली असतात. मोटार चालवायला शिकण्यास परवानगी आहे, कारण तिचा उपयोग सासुरवाडीला जाण्याकडे होतो. शेअर बाजार शिकणाऱ्याकडे तर लोक आदरानेच पाहतात; निदान पहिले सहा महिने. पण ज्यात पैसा नाही, बढती नाही आणि रक्तदाबही उतरण्याची खात्री नाही, असे काही पंचेचाळिसाव्या वर्षी शिकायला घ्या, म्हणजे शेजारीपाजारी आधी हसतात आणि मग काळजी करू लागतात.

हे मी अनुभवाने सांगतो. गेले दीड वर्ष मी सतार शिकतो आहे.

आमचे इचलकरंजी हे कापडाचे गाव. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग चालवला, आणि तेव्हापासून या गावाला स्वतःचा असा एक ठेका आहे. रात्री दोन वाजता जाग आली तरी कुठून तरी मागांची खटखट कानांवर येतेच. अशा गावात माणसे मोठ्याने बोलतात आणि हिशेब मिटरवर करतात. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात एका मागवाल्या गृहस्थांनी मला गाठले.

"काय सर, सतार शिकाय लागलाय म्हणं?"

"हो."

"मग त्यातनं निघतंय किती?"

"काहीच निघत नाही."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "मग कशाला त्या नादाला लागलायसा?" असे विचारून त्यांनी माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, खरीखुरी कणव होती. या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. ते आज या पानावर देऊन पाहतो.

सतारच का, हा प्रश्न घरातही निघाला होता. माझा पुतण्या गिटार वाजवतो. तो म्हणाला, "काका, गिटार घ्या. तीन महिन्यांत चारचौघांत वाजवाल." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गिटारीचे पडदे लाकडात पक्के बसवलेले असतात. बोट योग्य घरात पडले की सूर हजर. चार कॉर्ड हाताला बसले की पुष्कळशा गाण्यांना साथ करता येते. त्याच्या क्लासात बँकेतले एक अधिकारी बेस गिटार शिकतात. तिला चारच तारा, त्यामुळे हिशेब सोपा, असे त्यांचे मत आहे. सतारीचा हिशेब मात्र जरा अवघड. वर सहा-सात तारा, खाली तरफेच्या अकरा ते तेरा. पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले आणि सरकणारे. आणि एवढ्यावर भागत नाही. पडद्यावर बोट ठेवून तार बाजूला ओढली म्हणजे पुढचा सूर निघतो, त्याला मींड म्हणतात. हा सूर कोणत्याच पडद्यावर नसतो. तो आपल्या कानात असावा लागतो.

तरीही सतार घेतली, कारण मिरज आमच्यापासून एस.टी.ने तासाभरावर आहे. भारतभर जिथे जिथे सतार-तंबोरे वाजतात तिथे मिरजेचे नाव माहीत आहे, आणि आपण मात्र मिरजेला जातो ते दवाखान्यासाठी नाही तर गाडी बदलण्यासाठी! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांची मागणी ओसरल्यावर शिकलगार मंडळींपैकी फरीदसाहेबांनी वाद्ये घडवायला आरंभ केला. तलवारीला धार लावणारे हात घोडीवर जवारी काढू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे जाड सालीचे भोपळे आणून वाळवायचे, तूनच्या लाकडाची दांडी जोडायची, हे काम त्या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने मला पाहिले, माझ्या बोटांकडे पाहिले, आणि विचारले, "मुलीसाठी का?" मी "स्वतःसाठी" म्हणताच त्याने हातातली सतार ठेवून दुसरी काढली. "मग ही घ्या. हिची तार जरा हलकी आहे." पुढे पहिल्या महिन्यात त्या माणसाला मी अनेकदा मनोमन दुवा दिला.

कारण, वाचकहो, सतार शिकताना प्रथम संगीताशी संबंधच येत नाही. संबंध येतो तो मांडीशी. डावा पाय दुमडून त्याच्या तळव्यावर भोपळ्याचा भार घ्यायचा, उजवा पाय त्यावरून न्यायचा, पाठ ताठ ठेवायची आणि वर चेहरा प्रसन्न ठेवायचा! वीस वर्षे खुर्चीवर बसलेल्या प्राध्यापकाला दहाव्या मिनिटाला आपल्याला पाय आहेत की नाहीत याचीच शंका येऊ लागते. मग येते डावे बोट. पोलादी तारेने त्याच्या टोकाला चर पडतो, तो दुखतो, सुकतो, पुन्हा पडतो. उजव्या तर्जनीवर तारेची नखी घट्ट बसवलेली. तिने तार एका बाजूने छेडली की 'दा', दुसऱ्या बाजूने छेडली की 'रा'. जन्मभर मराठीचे वर्ग घेतलेल्या मला 'दा' आणि 'रा' ही दोन अक्षरे नीट काढायला तीन महिने लागले.

पण खरे दुःख बोटाचे नसते. ते कानाचे असते. आठ वर्षांचे मूल सतार शिकते तेव्हा त्याचे कान आणि हात बरोबरीने वाढत असतात. आपण बेसूर वाजवतो आहोत हे त्याला फारसे कळत नाही, म्हणून ते आनंदाने वाजवत राहते. माझा हात दीड वर्षाचा आहे आणि कान पंचेचाळीस वर्षांचा. या कानाने आकाशवाणी ऐकली आहे. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलींत रात्री जागवल्या आहेत. त्यामुळे माझ्या हातून निघणारा प्रत्येक स्वर ऐकायला एक कठोर परीक्षक माझ्याच डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसलेला असतो. प्रौढपणी शिकायला घेतलेले पुष्कळ लोक चौथ्या-पाचव्या महिन्यात सोडून देतात, ते माझ्या मते बोटे दुखतात म्हणून नव्हे, तर या परीक्षकाला कंटाळून.

माझ्या सतारीच्या बाई सव्वीस वर्षांच्या आहेत. त्यांचा धाकटा भाऊ आमच्या महाविद्यालयात माझ्याच वर्गात आहे. त्या मला "सर" म्हणतात, मी त्यांना "बाई" म्हणतो, आणि दोघेही एकमेकांना अहोजाहो करतो. त्यामुळे रागावण्याची मोठीच पंचाईत होते. "सर, आपण हा पलटा गेल्या आठवड्यात केला होता ना?" एवढेच त्या म्हणतात. या वाक्याचा अर्थ वर्गात मी मुलांना याहून पुष्कळ मोठ्या आवाजात सांगतो. एकदा या परीक्षकाचे गाऱ्हाणे मी त्यांच्यापुढे मांडले. त्या म्हणाल्या, "त्याला घालवू नका सर. तो आहे म्हणून तर मी तुम्हाला मींड लवकर देणार आहे." मुलांना सूर ऐकवून ऐकवून शिकवावा लागतो, तो तुमच्याकडे आधीच आहे, असे त्यांचे म्हणणे. पहिला राग म्हणून त्यांनी भूप दिला. पाचच स्वर. त्यातला गंधार ज्या दिवशी प्रथम खरा लागला, त्या दिवशी खालच्या तरफेच्या तारा न छेडता आपोआप झंकारल्या. सूर खरा असला तरच त्या बोलतात. कुणाच्या शिफारशीवर बोलत नाहीत.

आपल्याकडे असे समजतात की विद्या लहानपणीच घ्यावी. संगीतात तर हे अधिकच. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आमचेच. 1849 साली शेजारच्या चंदूर गावी जन्मले, 1926 साली इचलकरंजीत वारले. गाण्यासाठी त्यांनी घर सोडले, वणवण केली, ग्वाल्हेरच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोश्यांची सेवा केली आणि विद्या मिळवली. अशी विद्या ज्याला सारे आयुष्य देता येते त्याचीच. बिगारीपासून पेन्शनपर्यंत वेळापत्रकाने बांधलेल्या माणसाला तिथे दार नव्हते. ते दार उघडले ते बुवांच्याच शिष्याने. पंचगंगेच्या काठाने खाली गेले की कुरुंदवाड लागते. तिथे 1872 साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले. दिवाळीच्या दिवसांत मुलांच्या हाती फटाके देताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. याच पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीताला वर्ग दिले, अभ्यासक्रम दिला, स्वरलिपीची पुस्तके दिली. त्यांच्या निधनानंतर 1931 साली शिष्यांनी स्थापलेल्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगाव होतात. घराण्यातल्या जाणकारांनी या परीक्षांना नाके मुरडली आहेत, आणि परीक्षेने गवई होत नाही हे खरेच आहे. पण प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या बांधल्या म्हणून तर आमच्यासारख्यांना निदान जिना दिसला.

त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी गेल्या वर्षी बसलो. परीक्षेच्या खोलीबाहेर आठ-नऊ वर्षांची मुले आणि त्यांच्या आया. एका बाईंनी आपुलकीने विचारले, "तुमची मुलगी कितवी आहे?" मी म्हणालो, "मुलगी नाही, मीच सातवा." त्यांच्या चिरंजीवांना मात्र यात काही नवल वाटले नाही. त्याने फक्त "तुम्हाला झाला येतो का?" असे विचारले आणि मी नाही म्हणताच समाधानाने मान हलवली. या बाबतीत मी सॉक्रेटिसाच्या पंक्तीला आहे, हे मला मागाहून आठवले. प्लेटोच्या 'युथिडेमस' या संवादात सॉक्रेटिस म्हातारपणी कोनस नावाच्या गुरूकडे तंतुवाद्य शिकायला जातो. वर्गातली पोरे त्याला हसतात, आणि त्याच्यामुळे बिचाऱ्या गुरूलाच म्हाताऱ्यांचा मास्तर ठरवतात. आमच्या बाईंना अजून कुणी असे नाव ठेवलेले नाही. ठेवले तर दोष माझ्या एकट्याचा नसेल, कारण आमच्या वर्गात माझ्याहून मोठ्या एक वहिनी आहेत.

वहिनींचे वय पंचावन्न. माहेर सांगलीचे. लग्नापूर्वी त्या सतार शिकत होत्या. मध्यमा झाली होती. "पाहायला येणाऱ्यांना सांगायला ते बरं असायचं," त्या म्हणाल्या. लग्न ठरले आणि सतारीचे काम संपले. ती त्यांच्याबरोबर इचलकरंजीला आली खरी, पण घराला लागूनच मागांची शेड. बारा माग, दोन पाळ्या. तिथे वाजवायची कुणाला आणि ऐकायची कुणी? सतार गवसणीत शिरली आणि माळ्यावर गेली. मुले झाली, शिकली, पुण्याला गेली. मग धंद्याला वाईट दिवस आले. सुताचे भाव, विजेची बिले, कापडाला उठाव नाही. वर्षभर रेटून शेवटी त्यांच्या यजमानांनी ते बाराही माग भंगारात किलोवर घातले.

"त्या रात्री दोघांनाही झोप आली नाही," वहिनी सांगत होत्या. "तीस वर्षं त्या आवाजात झोपलो. घर इतकं गप्प झालं, की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. हे तर उठून शेडमध्ये जाऊन उभे राहायचे." महिनाभराने वहिनींनी माळ्यावरून सतार काढली. भोपळ्याला चीर गेली होती, तारा गंजल्या होत्या, पडद्यांचे दोरे तुटले होते. मिरजेला नेऊन ती दुरुस्त करून आणली आणि त्या आमच्या बाईंकडे येऊन पुन्हा प्रारंभिकपासून बसल्या. मध्यमेचे प्रमाणपत्र त्यांनी कुणाला दाखवलेसुद्धा नाही.

एकदा काही स्वरलिपी आणायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनी रिकाम्या शेडमध्ये रियाजाला बसल्या होत्या. दाराशी खुर्ची टाकून यजमान बसले होते. त्यांचे कान मागांनी थोडे मंद केले आहेत. बोलायचे तर जरा वरच्या पट्टीत बोलावे लागते. सूर त्यांना कितपत ऐकू येतो, देव जाणे. पण मध्येच ते मान वर करून म्हणाले, "थांब. दुसऱ्याला अडखळलीस." वहिनींनी पुन्हा वाजवले. खरेच अडखळल्या होत्या. बारा माग चालू असताना तेराव्या आवाजावरून कुठल्या मागाचा धागा तुटला हे ओळखणारा तो कान. त्याला लय शिकवायची गरज नव्हती. "ह्यांना काही कळत नाही त्यातलं," असे वहिनी मला म्हणाल्या, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण रोज बसतात."

चहाच्या दुकानातल्या त्या गृहस्थांना आता मी सांगू शकतो. त्यातून निघते ते एवढेच. मिटरने मोजायचे म्हटले तर फार नाही. पण ज्या घरात दोन माणसे एका आवाजासाठी आसुसली होती, त्या घरी संध्याकाळी सात वाजता काहीतरी सुरू होते, आणि एक माणूस त्या वेळेला घरी येतो.

दिवाळीची साफसफाई तुमच्याकडे आता उरकलीच असेल. माळ्यावरची पेटी, गवसणीतली सतार, मुलगा परदेशी जाताना टाकून गेलेली गिटार, यांपैकी काहीतरी खाली निघाले असेल, पुसले गेले असेल आणि पुन्हा वर गेले असेल. भाऊबीज झाली की ते एकदा पुन्हा खाली काढा. तारा गंजलेल्या असतील तर नव्या चढवून आणा. त्याला फार खर्च येत नाही. आणि ते वाजवणारे माणूस घरात असेल, तर त्याला शिकून काय करणार म्हणून विचारू नका. संध्याकाळची एक वेळ ठरवून द्या, आणि जमले तर दाराशी खुर्ची टाकून बसा.