ताजचे वैद्य

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपल्यापैकी किती जणांनी चहा घेतला आहे, हे मी विचारीत नाही. प्राध्यापकाने असले प्रश्न विचारू नयेत. उलट कोणी त्यालाच विचारले तर पंचाईत! परंतु समोरच्या कठड्यावर बसून, खारे दाणे खात, तो लाल घुमट ज्याने पाहिलेला नाही असा मुंबईकर मला अजून भेटायचा आहे. आणि त्या कठड्यावर चार माणसे जमली की दोन गोष्टी निघतातच.

पहिली गोष्ट जमशेटजी टाटांची. वॉटसनच्या हॉटेलातून त्यांना 'येथे फक्त गोऱ्यांना प्रवेश' म्हणून परत पाठविले आणि त्या संतापातून ताज उभा राहिला. ऐकायला झकास, पण तिला भक्कम पुरावा कोणी दाखविलेला नाही. जमशेटजींना जवळून ओळखणारे पत्रकार लोव्हॅट फ्रेझर यांनी निराळेच लिहून ठेवले आहे. हॉटेलाचे मालक होण्याची जमशेटजींना मुळीच हौस नव्हती. लोकांनी हिंदुस्थानात यावे आणि मुंबई सुधारावी, एवढीच इच्छा. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि माणसे शहर सोडून पळू लागली. त्यानंतर दोनच वर्षांनी, प्लेग हटलेला नसताना, या गृहस्थाने अपोलो बंदरावर हॉटेलाचे काम हाती घेतले. यात रागापेक्षा शहरावरचा लोभच मला अधिक दिसतो.

दुसरी गोष्ट याहून रंगतदार. ताजचे नकाशे म्हणे विलायतेतल्या कोणा साहेबाने काढले. येथल्या लोकांनी ते उलटे धरले आणि हॉटेलाचे तोंड समुद्राकडे करण्याऐवजी गावाकडे केले. साहेब बोटीतून उतरला, इमारतीची पाठ पाहिली आणि त्याने जीव दिला!

वाचकहो, ही गोष्ट आपण मोठ्या चवीने सांगतो. 'नेटिवाला नकाशा सरळ धरता येत नाही' हे तिचे सार आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

मुळात तो साहेबच नव्हता. ताजचा आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांनी, डी. एन. मिर्झा यांच्या सहकार्याने. व्हिक्टोरिया टर्मिनस आणि महापालिकेची इमारत ज्यांच्या नावावर आहे त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली वैद्यांनी काम केले होते. टर्मिनस पुरे झाले 1888 साली, महापालिका 1893 साली. तेथला घुमट आणि बंदरावरचा घुमट एकाच दिवशी पाहावेत. नाते सांगायला माणूस लागत नाही. ताजचे काम चालू असतानाच, 1900 साली, वैद्य वारले. पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने ते तडीस नेले. आत जो प्रसिद्ध अधांतरी जिना आहे तो खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांच्या कल्पनेतला, बांधकामही त्यांचेच. 16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल उघडले तेव्हा पाहुणे होते अवघे सतरा.

आणि तोंड? ते गावाकडेच होते, पण चुकून नव्हे. माणसे घोडागाडीतून येणार ती गावाकडून. ज्याला आपण 'समोरची बाजू' म्हणतो तेथे त्या वेळी गेटवे नव्हता, त्याच्यासमोरचे मोकळे आवारही नव्हते. गेटवेचा पायाच मुळी नंतरचा. समुद्र हटवून जागा केली ती 1915 नंतर, आणि कमान पुरी झाली 1924 साली. ताज तोवर एकवीस वर्षांचा घोडा झाला होता. नंतर आलेल्या पाहुण्याकडे यजमानाने पाठ केली, असे म्हणण्यापैकीच हे!

मी एकदा वर्गात विचारले, "ताजमहाल कोणी बांधला?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "शहाजहानने." हशा ओसरल्यावर म्हटले, "आपला, कुलाब्याचा." "टाटांनी," सगळे एकदम. "टाटांनी पैसा घातला. नकाशा कोणी काढला?" एका मुलीने भीत भीत सांगितले, "कोणीतरी इंग्रज, सर. त्याने आत्महत्या केली." वैद्यांचे नाव एकालाही ठाऊक नव्हते. मराठी माणूस मोठे काही उभारीत नाही, असा गळा आपणच काढायचा आणि ज्याने उभारले त्याला जीव दिलेला साहेब करून टाकायचे!

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीपासून तीन दिवस त्या घुमटाखालून ज्वाळा निघताना साऱ्या जगाने पाहिले. हॉटेलात 31 माणसे गेली. त्यांत पाहुण्यांना वाचवू पाहणारे नोकरही होते. आमच्या घरी कोणाला जेवण गेले नाही. शेजारच्या आजींनी देवापुढे दिवा लावला, तो घुमट पडू नये म्हणून. घुमट राहिला. डागडुजी होऊन 15 ऑगस्ट 2010 रोजी जुने हॉटेल पुन्हा उघडले. ज्याच्यासाठी आजींनी दिवा लावला ते काम एका वैद्यांचे, हे मी त्यांना पुढे सांगितले. त्या म्हणाल्या, "कुठले हो वैद्य? आपल्याकडचे?"

वैद्यांनी योजलेला गावाकडचा दरवाजा मात्र आता नाही. रहदारी समुद्राच्या बाजूला वळली तसे हॉटेलाचे तोंडही तिकडे फिरले. जेथे घोडागाड्या येऊन थांबत, तेथे आज पाहुणे पोहतात.