पडणाऱ्याचं नाव काय?

'शोले' १९७५चा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, तरी टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलाय की डायलॉग पाठ आहेत. मग एक सोपा प्रश्न. डाकू मागे लागलेत, धन्नो उधळलीये, टांगा दगडधोंड्यांतून सुसाट पळतोय, तेव्हा टांग्यावर कोण आहे?

हेमा मालिनी म्हणालात तर अर्धेच मार्क मिळतील :-) जवळून चेहरा दिसतो तिथे त्या. जिथे हाडं मोडायची भीती, तिथे रेशमा पठाण.

मुंबईची ही मुलगी. घरची परिस्थिती ओढगस्तीची. १९६८च्या सुमारास, म्हणजे आपण दहावीचे क्लास लावतो त्या वयात, ती स्टंट करायला लागली. तोवर नायिकेचे स्टंट करायचे ते पुरुषच. साडी नेसायची, विग चढवायचा आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उडी मारायची. एक मुलगी या धंद्यात येते म्हणजे आपल्या पोटावर पाय, असं वाटणारे लोकही होते. पण ती टिकली. स्टंट कलाकारांच्या संघटनेचं कार्ड मिळवणारी ती पहिली बाई. 'शोले'च्या त्याच टांग्याच्या शूटिंगमध्ये टांगा उलटला, तिला लागलं, आणि बरी होऊन ती परत कामावर आली. तिच्यावर सिनेमा निघाला तो थेट २०१९ साली, 'द शोले गर्ल', आणि तो केला आपल्या आदित्य सरपोतदारने. म्हणजे सीन गाजला १९७५ला आणि तो करणारीचं नाव लोकांना कळलं ४४ वर्षांनी!

यावर आपण लगेच म्हणतो, "काय धाडस आहे बुवा!" माझा आक्षेप नेमका या 'धाडस' शब्दाला आहे.

धाडस म्हणजे फुटाळ्याच्या रस्त्यावर बाईक एका चाकावर चालवणारा पोट्टा. त्याच्याकडे हिशोब नसतो, फक्त हिंमत असते. स्टंटमनचं काम बरोब्बर उलटं आहे. थोडं फिजिक्स आठवा. १० मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून माणूस पडला तर दीड सेकंदाच्या आत तो जमिनीवर असतो, आणि तेव्हा त्याचा वेग असतो ताशी ५० किलोमीटर. आता हा वेग किती अंतरात शून्यावर आणायचा, यावर सगळा खेळ. खाली हवेची गादी असेल, किंवा जुन्या पद्धतीने रिकामी खोकी रचून वर गाद्या टाकल्या असतील, आणि थांबायला १ मीटर मिळाला, तर अंगावर सरासरी वजनाच्या दहापट जोर येतो. कडक जमिनीवर ५ सेंटिमीटरमध्ये थांबलात तर तोच दोनशेपट. माणूस तोच, उंची तीच, हिंमतही तीच. फरक फक्त तयारीचा.

म्हणून चांगला स्टंट कोणता? जो पाहून आपला जीव वर-खाली होतो आणि करणाऱ्याला काहीच होत नाही तो. अपघात झाला तर ते धाडस नव्हे, सरळ सरळ कामातली चूक आहे. आणि बहुतेक वेळा ती चूक पडणाऱ्याची नसते.

आता आपल्या भागातला एक माणूस घ्या. भगवानदादा. जन्म १९१३, अमरावतीचा. 'अलबेला'तला नाच आपल्याला आठवतो, पण त्याआधी कितीतरी वर्षं भगवानदादा स्वस्तातले स्टंटपट करत होते. गिरणी कामगारांचा लाडका हीरो. हाणामारी स्वतःच करायची, पैसा कमी, वेळ कमी. आणि याच भगवानदादांच्या हातून १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या सेटवर एक थप्पड जरा जास्तच जोरात बसली. समोर होत्या ललिता पवार. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यात कायमचा दोष आला. तेव्हा त्या नायिकेचं काम करत होत्या. त्यानंतर आपल्याला माहीत आहे ती खाष्ट सासू. आपण तो बारीक डोळा अभिनयाचा भाग समजून वर्षानुवर्षं बघितला. खरं तर ती सेटवर झालेली दुखापत होती.

दोष द्यायला हे सांगत नाहीये. एक साधी थप्पडसुद्धा 'ठरवून' मारायची असते, अंतर मोजून, तालीम करून. तालीम राहिली की माणूस जायबंदी होतो, एवढंच.

"ते जुनं झालं रे, आता सेफ्टी आहे." आहे? ७ नोव्हेंबर २०१६, बंगळुरूजवळचा तिप्पगोंडनहळ्ळी जलाशय, 'मास्ती गुडी' या कन्नड सिनेमाचं शूटिंग. हेलिकॉप्टरमधून तिघांनी पाण्यात उडी मारली. नायक वाचला. अनिल आणि उदय हे दोघे बुडाले. त्यांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. जुलै २०२५, तमिळनाडूत नागपट्टिनमजवळ 'वेट्टुवम'चं शूटिंग. गाडी उलटवण्याच्या स्टंटमध्ये मोहनराज गेला. हा नवखा नव्हता, मुरलेला स्टंटमन होता. म्हणजे अनुभव पुरत नाही. सिस्टिम लागते.

आम्ही आयटीवाले हे रोज बघतो. डेडलाईन जवळ आली की पहिली कात्री कशावर? टेस्टिंगवर. सेटवरही तेच. उजेड चाललाय, हीरोच्या तारखा संपल्यात, लोकेशनचं भाडं चढतंय. मग तालीम कापा, सरळ टेक घ्या. फरक एवढाच की आमची चूक सोमवारी पॅच टाकून निस्तरता येते.

आणि पैसा? स्टंटवाल्याचं काम रोजावर. पाय मोडून तीन महिने घरी बसला तर तीन महिने शून्य. विमा कंपन्या अशा धंद्याला सहसा दारात उभं करत नाहीत. २०१७ साली अक्षय कुमारने पुढाकार घेऊन शेकडो स्टंट कलाकारांचा विमा उतरवला. माणसाने मोठं काम केलं, वादच नाही. पण शेकडो कुटुंबांची सुरक्षा एका नटाच्या चांगुलपणावर टांगून ठेवायची? त्याचा मूड बदलला तर?

"ते स्वतःहून येतात ना, कोणी जबरदस्ती करतं का?" हा नेहमीचा युक्तिवाद. खाणकामगारही स्वतःहूनच खाणीत उतरतो की! आपल्या उमरेडच्या खाणीत उतरणाऱ्याला आपण म्हणतो का, की बाबा तू धाडसी आहेस, तुला हेल्मेट कशाला? दुसरा युक्तिवाद: "आता सगळं कॉम्प्युटरवर होतं." होतं बरंचसं. पण दोर पुसून टाकायला कॉम्प्युटर, दोराला लटकायला माणूसच.

आता चांगली बातमी. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात नवे कामगार कायदे लागू झालेत. त्या वेळी सरकारने दिलेल्या माहितीत डबिंग कलाकारांबरोबर स्टंट करणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे: नेमणुकीचं पत्र, वेळेवर पगार, जादा कामाला दुप्पट मोबदला. आपल्याला ऑफर लेटर मिळालं नाही तर आपण जॉईनसुद्धा होत नाही. पेटत्या गाडीत बसणाऱ्याला तो कागद आता कायद्याने मिळायला हवा.

पण कायदा छापला म्हणजे सेटवर पोचला असं होत नाही. माझ्या मते तीन गोष्टी झाल्याशिवाय काही खरं नाही. एक, प्रत्येक स्टंटसाठी असा एक माणूस हवा जो "थांबा" म्हणू शकेल आणि ज्याचा पगार निर्मात्याच्या मर्जीवर नसेल. दोन, पत्र आणि विमा शॉटच्या आधी, अपघातानंतर नाही. तीन, नावं. ॲक्शन डायरेक्टरला राष्ट्रीय पुरस्कार मिळायला लागलाय, २०१७ साली पहिला 'पुलिमुरुगन'साठी पीटर हेन यांना मिळाला. ऑस्करवालेही २०२८च्या सोहळ्यापासून स्टंट डिझाईनला पुरस्कार देणार आहेत. छानच आहे. पण ते झालं नेत्याचं कौतुक. टांग्यावरून पडलेली मुलगी कोण, हे पडद्यावर आलं पाहिजे.

नावाने काय होतं, असं वाटेल. नाव असलं की नोंद असते. नोंद असली की अपघातानंतर "हा आमच्याकडे कामाला नव्हताच" असं म्हणता येत नाही. म्हणजे नाव हा मानपान नाही, पुरावा आहे.

आपल्याकडे शेवटची पाटी यायच्या आत थिएटरचे दिवे लागतात, दारं उघडतात आणि पब्लिक पार्किंगकडे पळतं. पुढचा मारधाडवाला सिनेमा बघाल तेव्हा दोन मिनिटं थांबा भाऊ. स्टंटवाल्यांची नावं आहेत का बघा. आणि नसतील, तर सिनेमाला स्टार देताना एक कमी द्या.