नोकियाचं काय विकलं गेलं?

मुलांनो, घरातल्या एखाद्या खणात नोकियाचा जुना फोन पडलाय का, शोधा बरं. त्यातला सापाचा खेळ आई-बाबांना नक्की आठवेल. याच नोकियाबद्दल मोठी माणसं म्हणतात, "ती तर मायक्रोसॉफ्टने विकत घेतली." हे अर्धंच खरं आहे हं!

नोकिया ही फिनलंडची कंपनी. १८६५ साली ती कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झाली. पुढे रबरी बूट आणि केबल बनवणाऱ्या कंपन्या तिच्यात मिळाल्या. मग आले मोबाइल! २००३ सालचा तिचा ११०० हा साधासुधा फोन तर सुमारे २५ कोटी लोकांनी घेतला. पण २००७ मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आलं आणि नोकिया मागे पडली.

सप्टेंबर २०१३ मध्ये सौदा जाहीर झाला, एप्रिल २०१४ मध्ये पुरा झाला. किंमत ५४४ कोटी युरो. समजा, एका दुकानदाराचं किराणा दुकान आहे आणि शेजारी पिठाची गिरणी. त्याने दुकान विकलं, गिरणी ठेवली. नोकियानेही तसंच केलं. फोनचा धंदा विकला. मोबाइलचं जाळं उभारणाऱ्या यंत्रांचा धंदा ठेवला. तो आजही चालू आहे.

मायक्रोसॉफ्टला कारखाने मिळाले, सुमारे २५,००० माणसं मिळाली. मग अडलं कुठे? ॲपवर! ॲप बनवणारे म्हणत, "विंडोज फोन घेणारे थोडे, कशाला खपायचं?" गिऱ्हाईक म्हणे, "ॲपच नाहीत, तर फोन कशाला?" हे कोडं पैशाने सुटेना. शेवटी जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करायचं ठरवलं.

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना करांच्या वादामुळे सौद्यात गेलाच नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथलं काम थांबलं. सौदा ठरवतात मोठे साहेब. पण रोज डबा घेऊन पाळीला जाणाऱ्यांचा त्यात काय दोष?

आता तुमच्यासाठी काम. आसपास मालक बदललेलं एखादं दुकान असेलच. तिथे विचारा, दुकानाबरोबर जुनी गिऱ्हाइकंही आली का? आणि जुने नोकर कुठे गेले? उत्तरं वहीत लिहा आणि घरी वाचून दाखवा.