हसवणारी आणि हसण्याजोगी

स्त्रियांना विनोद जमत नाही, हा समज जुनाच आहे. २००७ साली ख्रिस्तोफर हिचेन्स यांनी ‘व्हॅनिटी फेअर’ या अमेरिकन मासिकात त्याचे समर्थन करणारा लेख लिहिला. स्त्रीवर छाप पाडण्यासाठी पुरुषाला विनोद लागतो, स्त्रीला ती गरज नसते, हे त्याचे सार. हसवणाऱ्या स्त्रिया आहेत हे त्यांनी मान्य केले, पण अपवाद म्हणून. बायका बायकांत हसतात, ही शक्यता या मांडणीत जवळपास नाहीच.

मराठी वाचकाला तरी हे पटू नये. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल आहे. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांचे सोवळे, पतीचा लहरीपणा आणि स्वतःची फजिती या साऱ्यांकडे एकाच मिस्कील नजरेने पाहिले आहे. तेव्हा प्रश्न विनोदबुद्धीचा नाही. तो कोणासमोर आणि कोणत्या अधिकाराने व्यक्त होतो, याचा आहे. भोंडला बायकांच्या रिंगणात होतो, पुस्तक एकांतात वाचले जाते. स्टँडअपमध्ये मात्र स्त्री स्वतःच्या नावाने, प्रथमपुरुषी, तिकीट काढून आलेल्या मिश्र श्रोत्यांसमोर एकटी उभी राहते. पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वीच तिचे शरीर ‘वाचले’ जाते.

या वाचनाला तोंड देण्याचा एक मार्ग म्हणजे आपणच आपली चेष्टा करणे. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रंगमंचावर आलेल्या फिलिस डिलर यांनी विस्कटलेले केस, ढगळ पोशाख आणि ‘फँग’ नावाचा काल्पनिक नवरा यांच्या आधारे आपले स्थान निर्माण केले. हसवण्याचा परवाना मिळाला, पण हसण्याजोगी होण्याच्या अटीवर.

नेटफ्लिक्सवर २०१८ साली आलेल्या ‘नॅनेट’मध्ये हॅना गॅड्सबी यांनी ही अट नाकारली. आरंभी त्या एक किस्सा सांगतात : बसथांब्यावर पुरुष समजून अंगावर आलेला माणूस, चूक लक्षात येताच मागे हटतो. श्रोते हसतात. पुढे कळते की तो परत आला होता आणि त्याने मारहाण केली होती. हशा टिकवायचा तर किस्सा अलीकडेच थांबवावा लागत होता. कथनाचा शेवट कोठे करायचा हे कोण ठरवते, हा साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न येथे रोकडा उभा राहतो.

स्वतःला हसणे हा तर विनोदाचा आत्मा, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. मात्र त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. प्रतिष्ठिताने स्वतःला हसणे ही नम्रता ठरते; आधीच उपहासाचा विषय असलेल्याने तेच केले, तर उपहासाला दुजोरा मिळतो. पुरुषाचा विनोद पडला तर तो एकट्याचा पडतो, स्त्रीचा पडला तर समस्त स्त्रीजातीचा. म्हणूनच प्रत्येक विनोदकर्तीने वेदनाच सांगावी, ही नवी अपेक्षाही आम्हांला जाचक वाटते. ‘बेबी कोब्रा’मध्ये (२०१६) अॅली वाँग गरोदरपणी रंगमंचावर येऊन बेधडक आणि बेताल बोलतात, तो हक्कही प्रतिनिधित्वाइतकाच महत्त्वाचा आहे.

आपल्या वर्गांत मराठी विनोदाची परंपरा कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. अशी सांगितली जाते. या थोरांविषयी आदर राखूनही आम्ही म्हणू, की ही यादी अपुरी आहे. ‘स्मृतिचित्रे’ केवळ आत्मचरित्र म्हणून आणि भोंडला केवळ लोकगीत म्हणून शिकवला जातो, तोवर माइकसमोर उभी राहिलेली मुलगी आपल्या विद्यार्थ्यांना अपवादच वाटत राहणार.